गावाची अनुदान यादी: कुठे मिळते, कशी वाचायची आणि नाव सुटलं असेल तर काय करायचं

हप्ता पडला की पारावर दोन प्रश्न निघतात. पहिला, ‘तुला आला का?’ दुसरा जरा आवाज खाली करून, ‘पण त्याला कसा आला?’ दुसऱ्या प्रश्नावर चहाचे चार कप संपतात, उत्तर काही निघत नाही. ते उत्तर बहुतेक वेळा तहसीलच्या किंवा कृषी कार्यालयाच्या फायलीत असतं, आणि ती फाईल बघायचा हक्क पारावर बसलेल्या प्रत्येकाला असतो. हा लेख त्या फायलीपर्यंत कसं पोचायचं याचा आहे.

आधीच एक सांगतो. गावाची यादी हातात आली की माणसं प्रथम ‘नको ते नाव’ शोधतात. मी उलटं सुचवेन. प्रथम जी नावं असायला हवी होती आणि नाहीत, ती शोधा. बोगस नावाने सरकारचा पैसा जातो. सुटलेल्या नावाने मात्र एखाद्या घराचं बी-बियाणं जातं, आणि त्या घराला कळतही नाही की आपलं नाव कुठल्या टेबलावर अडकलं.

हक्क कुठला

माहितीचा अधिकार कायदा, 2005. त्यातलं कलम 4(1)(ख) सांगतं की प्रत्येक सरकारी कार्यालयाने 17 बाबींची माहिती कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायची. त्यातली बारावी बाब आपली: अनुदानाचे कार्यक्रम कसे राबवले, किती रकमा वाटल्या आणि लाभार्थी कोण, याचा तपशील. कायद्याप्रमाणे गावाची अनुदान यादी ही मागायची गोष्टच नव्हे, ती लावलेली असायला हवी. प्रत्यक्षात कार्यालयाच्या भिंतीवर पिवळा पडलेला एक तक्ता असतो. त्यावर बदली होऊन गेलेल्या साहेबांची नावं असतात, आणि बारावी बाब शोधून सापडत नाही.

एका साध्या अर्जाने काय निघू शकतं, त्याचं उदाहरण जानेवारी 2021 चं आहे. माहिती अधिकार कार्यकर्ते वेंकटेश नायक यांच्या अर्जावर केंद्रीय कृषी मंत्रालयाने उत्तर दिलं की पीएम-किसानचे 1,364 कोटी रुपये 20.48 लाख अपात्र लोकांच्या खात्यात गेले आहेत. त्यात निम्म्याहून जास्त आयकर भरणारे होते. सर्वाधिक अपात्र नावं असलेल्या राज्यांत पंजाब आणि आसामबरोबर महाराष्ट्रही होता.

आधी घरचे कागद

यादी उघडण्यापूर्वी स्वतःचा 8-अ आणि सातबारा समोर ठेवा. 8-अ म्हणजे तुमच्या खात्यावर गावात एकूण किती जमीन आहे त्याचा उतारा, सातबारा एकेका गटाचा. दोन्ही राज्याच्या महाभूलेख संकेतस्थळावर फुकट दिसतात. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो आणि कार्यालयात चालतो. सातबाऱ्यावर तीन गोष्टी बघा: सामायिकात तुमच्या नावापुढे नेमकं क्षेत्र किती आहे, पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) किती आहे आणि ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणाऱ्या पिकाच्या नोंदीत) कुठलं पीक लागलंय. शेतात सोयाबीन, नोंदीत ‘पड’ असं असेल तर पुढची सगळी यादी-तपासणी बाजूला ठेवा आणि आधी ती नोंद सुधारा.

पीएम-किसान: सर्वात सोपी यादी

वर्षाला 6,000 रुपये, 2,000 चे तीन हप्ते. राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी योजना यालाच जोडून आणखी 6,000 देते. म्हणून पीएम-किसानच्या यादीतून नाव गेलं की दोन्हीकडचे पैसे थांबतात, हे लक्षात असू द्या.

पीएम-किसानच्या संकेतस्थळावर ‘फार्मर्स कॉर्नर’मध्ये ‘बेनिफिशियरी लिस्ट’ आहे. राज्य, जिल्हा, उपजिल्हा, ब्लॉक, गाव निवडलं की गावाची यादी येते. त्यासाठी लॉगिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, कोणालाही बघता येते. स्वतःचा हप्ता का अडला हे मात्र ‘नो युवर स्टेटस’मध्ये नोंदणी क्रमांक टाकूनच कळतं. तिथे ई-केवायसी, जमिनीची पडताळणी आणि बँक खात्याला आधार जोडणी या तिन्हींपुढे ‘येस’ हवं. एकापुढे ‘नो’ असेल तर तेच कारण. संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान यादी’ नावाची एपीके फाईल येते, ती उघडू नका. तिने खाती रिकामी झालेली माणसं आहेत.

आता ही यादी वाचताना गावात सर्वात जास्त भांडणं कशावरून होतात ते बघू. ‘तो तर पुण्यात राहतो, त्याला कसा हप्ता?’ राहण्याची अट या योजनेत नाही. जमीन नावावर असेल आणि बाकी निकषांत बसत असेल, तर पुण्यात रिक्षा चालवणाराही पात्र. अनिवासी भारतीय मात्र अपात्र, म्हणजे दुबईतल्या भावाच्या नावाचा हप्ता चालू असेल तर तो परत करावा लागेल. ‘त्याला 20 एकर आहे, त्याला कसा?’ सुरुवातीची 2 हेक्टरची मर्यादा 2019 मध्येच गेली. ‘गुरुजींना कसा?’ इथे मात्र प्रश्न बरोबर आहे. नोकरीतले आणि निवृत्त सरकारी कर्मचारी बसत नाहीत, चतुर्थ श्रेणी सोडून. महिना 10,000 किंवा जास्त पेन्शन असेल तरी नाही, मागच्या वर्षी आयकर भरला असेल तरी नाही. डॉक्टर, वकील, सीए, इंजिनिअर म्हणून व्यवसाय करणाराही नाही. नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं मिळून एकच कुटुंब धरलं जातं, त्यामुळे नवरा-बायको दोघांची नावं दिसली तर तो मुद्दा खरा आहे.

जमिनीची तारीख 1 फेब्रुवारी 2019 आहे. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही, वारसाने आलेल्या जमिनीवर आहे. इथेच सुटलेल्या नावांचा मोठा ढीग सापडतो. धनी वारला, हप्ता बंद झाला, वारसाचा फेरफार (उताऱ्यावर नाव बदलायची नोंद) तलाठ्याकडे पडून आहे आणि बाई ‘सरकारने बंद केलं’ असं समजून गप्प बसल्या आहेत. फेरफार मंजूर करून त्यांच्या नावाने नवी नोंदणी होते. यादी बघताना मयताचं नाव सापडलं, तर तक्रारीआधी त्या घरी जाऊन या.

महाडीबीटी: ठिबक, ट्रॅक्टर, शेततळं

कृषी विभागाच्या योजनांचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर होतो. पूर्वी सोडत निघायची, 2025-26 पासून ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ आहे, आणि शेतकरी ओळख क्रमांक काढल्याशिवाय अर्जच होत नाही. पोर्टलवर निधी वितरित झालेल्या लाभार्थ्यांची यादी बघायची सोय आहे. गाव निवडा, नाव आणि घटक बघा.

इथे नावापेक्षा वस्तू महत्त्वाची. ठिबकसाठी अल्प आणि अत्यल्प भूधारकाला 80 टक्के, इतरांना 75 टक्के अनुदान मिळतं. त्यात केंद्राच्या योजनेतून अनुक्रमे 55 आणि 45, वरचं राज्याच्या पूरक योजनेतून. क्रम असा असतो: पूर्वसंमती, खरेदी, बिल अपलोड, मोका तपासणी (शेतात येऊन केलेली पाहणी), मग पैसे. घोळ होतो तो बिल आणि मोका तपासणीच्या मध्ये. बिल आहे, फोटो आहे, रोटाव्हेटर मात्र विक्रेत्याच्या शेडमधून हललेलाच नाही, अशी प्रकरणं असतात. त्यामुळे शंका असेल तर माहिती अधिकारात लाभार्थ्याची यादी मागून थांबू नका. मोका तपासणी अहवालाची प्रत मागा. त्यावर तपासणाऱ्याची सही आणि तारीख असते, आणि त्या तारखेला शेतात नळ्या अंथरलेल्या होत्या का, हे शेजारच्या बांधावरच्या माणसाला माहीत असतं.

अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि जमातीसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. नव्या विहिरी, मोटारी यातून होतात. या जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडे आहेत, तालुका कृषी कार्यालयात विचारून उपयोग नाही.

अतिवृष्टीचं अनुदान: इथे वेळ द्या

पैसा मोठा, वाटप घाईत आणि यादी माणसाच्या हाताने बनलेली, अशी ही एकच जागा आहे. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून संयुक्त पंचनामा करतात. (पदांची नावं अलीकडे बदलली. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी, कृषी सहायक सहायक कृषी अधिकारी. पत्र लिहिताना नवं नाव लिहा, गावात जुनंच चालतं.) 33 टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर नाव बसतं. मग यादी तहसीलला जाते, पोर्टलवर चढते, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळतो, ई-केवायसी होते आणि आधार जोडलेल्या खात्यात पैसे पडतात.

जालना जिल्ह्यातल्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत या साखळीत काय होऊ शकतं ते 2025 मध्ये राज्याने पाहिलं. याद्यांत बोगस नावं घुसवून कोट्यवधींचं अनुदान उचलल्याचं उघड झालं आणि अनेक तलाठी निलंबित झाले. यादी चावडीवर लागली असती तर पहिल्या आठवड्यात कोणीतरी म्हणालं असतं, ‘हा माणूस आपल्या गावचा नाही.’

यादी हाती आली की आकडेमोड करा, ती अवघड नाही. आपत्ती निधीचा 2025 मधला दर हेक्टरी कोरडवाहूला 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक फळबागेला 22,500 रुपये. मर्यादा 2 हेक्टर. ऑक्टोबर 2025 च्या पॅकेजमध्ये राज्याने मर्यादा 3 हेक्टर केली आणि रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी 10,000 वेगळे दिले. म्हणजे 1.20 हेक्टर कोरडवाहू असेल तर 10,200, आणि रब्बीचे 12,000. दोन रकमा दोन वेळा पडू शकतात. ‘त्याला दोनदा आले’ म्हणून ओरडण्याआधी हे बघा.

आता उलटं गणित. रकमेला दराने भागलं की क्षेत्र निघतं. ज्याच्या 8-अ वर 40 गुंठे आहेत, त्याच्या नावापुढे 25,500 दिसले तर भागाकार 3 हेक्टर येतो. म्हणजे साडेसात एकर. ते कुठून आले, एवढाच प्रश्न विचारायचा. अगदी लहान तुकड्याला किमान मदतीचा नियम लागतो, तेव्हा दोन-चार गुंठेवाल्याची रक्कम गणितापेक्षा जास्त दिसली तर गैर मानू नका.

मग आपल्या बाजूचं गणित. रस्त्याच्या एका अंगाचे सगळे गट यादीत आणि दुसऱ्या अंगाचे नाहीत, असं दिसलं तर पंचनामा रस्त्यावरूनच झालाय. ही गोष्ट नावं वाचून कळत नाही. गट नकाशावर यादीतले गट पेन्सिलने रंगवा. दहा मिनिटांत दिसतं.

माहितीचा अर्ज कसा लिहायचा

माझा पहिला अर्ज ‘तालुक्यातील सर्व योजनांच्या सर्व लाभार्थ्यांची सर्व माहिती द्यावी’ असा होता. उत्तर आलं, 4,200 पानं आहेत, पानाला 2 रुपयांप्रमाणे 8,400 रुपये भरा. कार्यालयाची चूक काढायला जागाच नव्हती. तेव्हापासून एक गाव, एक योजना, एक हंगाम. महाराष्ट्राच्या नियमांतही एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो 150 शब्द, असं आहे.

अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडा. राज्याच्या ऑनलाइन माहिती अधिकार संकेतस्थळावरूनही करता येतो. का हवी आहे, हे लिहायचं नाही. कोणी विचारलं तरी सांगायचं नाही, कलम 6(2) आहे. मजकूर साधारण असा:

*प्रति, जन माहिती अधिकारी, तहसील कार्यालय (नैसर्गिक आपत्ती शाखा).*
*विषय: मौजे (गाव) येथील पीक नुकसान अनुदान वाटप.*
*कालावधी: 1 जून 2025 ते 31 डिसेंबर 2025.*
*तपशील: 1) संयुक्त पंचनाम्याची गट क्रमांकनिहाय यादी. 2) मंजूर यादी: लाभार्थ्याचे नाव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, पिकाचा प्रकार, रक्कम, जमा झाल्याचा दिनांक. 3) मंजूर होऊनही रक्कम अदा न झालेली नावे, कारणासह. आधार, बँक खाते व मोबाइल क्रमांक वगळून माहिती द्यावी.*
*ही माहिती कलम 4(1)(ख)(बारा) नुसार स्वतःहून जाहीर करावयाची आहे.*

तिसरा मुद्दा विसरू नका, सुटलेली नावं तिथेच असतात. ‘खाते आधारशी जोडलेले नाही’, ‘ई-केवायसी प्रलंबित’, ‘नावात तफावत’ अशी कारणं येतात, आणि त्यातली निम्मी सेवा केंद्रात एका दुपारी मिटतात.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे. उत्तराची मुदत 30 दिवस. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. पानं फार असतील तर प्रतींऐवजी अभिलेख पाहणी, म्हणजे कार्यालयात बसून मूळ कागद बघायला मागा. पहिल्या तासाला पैसे नाहीत. राज्य सरकारच्या नोव्हेंबर 2018 च्या निर्णयानुसार जिल्हा आणि स्थानिक पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहायला खुले ठेवायचे आहेत. हा निर्णय अनेक टेबलांना ठाऊक नसतो, प्रत खिशात ठेवा.

‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असं उत्तर आलं तर

हे उत्तर आता जास्त येणार. कलम 8(1)(ञ) मध्ये पूर्वी तोल होता: सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणात विनाकारण घुसणारी माहितीच नाकारता यायची. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 ने ते शब्द काढून ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच ठेवलं, आणि नोव्हेंबर 2025 पासून ते लागू झालं. माझ्या मते ही दुरुस्ती वाईट आहे. अनुदानाच्या यादीत नाव असणारच, आणि नाव म्हणजे वैयक्तिक माहिती असं धरलं तर यादीत उरतं काय? तरी तीन दरवाजे उघडे आहेत. बारावी बाब कायद्यात तशीच आहे. कलम 8(2) प्रमाणे सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. आणि कलम 10 प्रमाणे गुप्त ठेवायचा भाग झाकून बाकीचं द्यावं लागतं. आधार आणि खाते क्रमांक आपणच आधी सोडले, ते याच कारणाने. अपिलात हे तिन्ही आकडे लिहा.

हा वाद आपल्याकडेच आहे असं नाही. युरोपातल्या शेतकरी अनुदानाच्या याद्या 2010 मध्ये लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या न्यायालयाने एकट्या-दुकट्या शेतकऱ्यांपुरत्या रद्द केल्या होत्या. नंतर नियम बदलून नावं पुन्हा खुली झाली, वर्षाला 1,250 युरोपर्यंत मिळणाऱ्या लहानांची तेवढी झाकली. आपल्याकडे तोडगा काढायचा तर असा काही निघू शकतो.

पहिलं अपील 30 दिवसांत, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, जोडपत्र ‘ब’ मध्ये, 20 रुपयांच्या तिकिटावर. त्यावरही समाधान नसेल तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथे तारीख लवकर लागत नाही, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा. बहुतेक प्रकरणं तिथेच टेबलावर मिटतात.

यादीचं पुढे काय

व्हॉट्सॲपच्या गावगटात यादीचा फोटो टाकू नका. आधार क्रमांक असलेली यादी तर कदापि नको, तो कायद्याने गुन्हा होऊ शकतो, आणि तुमच्यावरच उलटेल. नाव चुकीचं वाटलं तरी माणसावर आरोप करू नका, कागदावर प्रश्न विचारा: ‘अमुक गटाचं क्षेत्र 8-अ वर 0.40 आहे, यादीत 3.00 आहे, खुलासा व्हावा.’ सारख्या नावाची दोन माणसं प्रत्येक गावात असतात. वडिलांचं नाव आणि गट क्रमांक जुळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा माझा स्वतःचा नियम आहे. एकदा मोडला आणि चुलत्याची माफी मागावी लागली.

सुटलेल्या नावांचे अर्ज प्रथम, एकत्र, तहसीलदारांकडे. दोन प्रतींत न्या, एकीवर पोच घ्या. हलत नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन असतो, महिन्याचा पहिला सोमवार. पीएम-किसान केंद्राची योजना आहे, तिची तक्रार केंद्राच्या पीजी पोर्टलवर (तक्रार निवारणाच्या संकेतस्थळावर) केली की नोंदणी क्रमांक मिळतो आणि कोणाच्या टेबलावर आहे ते दिसत राहतं. चुकून हप्ते मिळालेल्याला पीएम-किसानच्या संकेतस्थळावरूनच रक्कम परत करता येते. गावातल्या एखाद्याला हे शांतपणे सांगितलं तर तो स्वतः भरतो, नोटीस येण्याची वाट बघत नाही.

ग्रामसभेसाठी विषय आधी लेखी द्या, सभेच्या दिवशी उभं राहून बोललेलं इतिवृत्तात येत नाही. विषय असा: ‘चालू वर्षात वाटप झालेल्या सर्व कृषी अनुदानांच्या याद्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे व वाचून दाखवणे.’ 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर यापैकी जी सभा जवळ असेल, तिच्या पंधरा दिवस आधी अर्ज आवक रजिस्टरला चढवून घ्या. सभा संपली की आठवड्याभरात ठरावाची नक्कल मागा, आणि ठरावाचा क्रमांक पुढच्या प्रत्येक अर्जात वर लिहा.